सृष्टिनिरीक्षण : ढोकरी

पावसाळा तोंडावर आला म्हणजे पक्ष्यांविषयींच्या चौकशा आमच्याकडे अधिक येऊं लागतात. यंदा एका वाचकभगिनींनीं विचारलें आहे कीं, घरामागच्या ओढ्याच्या कांठीं मातकट रंगाचा एक पक्षी तासन्‌तास बसलेला असतो, आणि आपण जवळ गेलों कीं तोच पांढराशुभ्र होऊन उडून जातो. तर हा पक्षी कोणता, आणि एकच पक्षी दोन रंगांचा कसा? या प्रश्नाचें उत्तर चार ओळींतही देतां आलें असतें. परंतु या पक्ष्याचें व आमच्या घराचें जुनें देणेंघेणें आहे, आणि त्यांतलें देणें अद्याप पुरतें फिटलेलें नाहीं. म्हणून या महिन्याचें सदर त्यालाच द्यावयाचें आम्हीं ठरविलें.

अगोदर नांवाचें पाहूं. मराठींत या पक्ष्याला ढोकरी किंवा भुरा बगळा म्हणतात. पुस्तकांतून वंचक असेंही नांव आढळतें. वंचक म्हणजे फसविणारा. हिंदी मुलखांत त्याला अंधा बगला म्हणतात. कारण माणूस अगदीं चार पावलांवर येईपर्यंत तो हालत नाहीं, तेव्हां याला दिसतच नसावें अशी लोकांची समजूत झाली. इंग्रजांनीं त्याला भाताच्या खाचरांत पाहिलें आणि भातपक्षी अशा अर्थाचें नांव देऊन ते मोकळे झाले. एकानें त्याला लबाड ठरविलें, दुसऱ्यानें आंधळा ठरविलें, आणि तिसऱ्यानें केवळ त्याचा पत्ता सांगितला. वस्तुतः हा पक्षी लबाड नाहीं, आणि आंधळा तर मुळींच नाहीं, हें पुढें दिसून येईल.

शास्त्रीय नांवाची हकीकत आम्हां महाराष्ट्रीयांस विशेष जवळची आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी १८२४ सालापासून कांहीं वर्षें मुंबई सरकारच्या वतीनें दख्खनची पाहणी करीत हिंडत होता. लोकवस्ती, पिकें, हवामान यांची माहिती मिळवितां मिळवितां त्यानें येथील पशुपक्ष्यांच्याही नोंदी केल्या. दख्खनमधील पक्ष्यांची त्याची यादी १८३२ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळाच्या वृत्तांतांत प्रसिद्ध झाली, आणि तींत या बगळ्याचें शास्त्रीय वर्णन प्रथम आलें. ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांच्या नांवावरून साइक्सनें त्याला ‘ग्रेयी’ हें नांव दिलें. आज शास्त्रज्ञ त्यास आर्डिओला ग्रेयी म्हणतात. इराणच्या दक्षिण भागापासून ब्रह्मदेशापर्यंत आणि खालीं श्रीलंकेपर्यंत पसरलेल्या या पक्ष्याची शास्त्राच्या दप्तरांतील पहिली नोंद अशी आपल्या देशावरची आहे. आपण मात्र त्याला रोज पाहतों व ओळखत नाहीं!

आतां त्याचें रूप पाहूं. लांबी सुमारें दीड फूट, वजन पाव किलोच्या आंतबाहेर. म्हणजे गुरांमागें हिंडणाऱ्या गायबगळ्याहून हा किंचित् लहानच. पाठ मळकट तपकिरी. डोकें, मान व छाती यांवर पिवळट रंगांत तपकिरी उभ्या रेघा. पोट पांढरें. डोळे पिवळे. चोंच सरळ, बळकट व टोंकाला काळी. पाय हिरवट पिवळे. नर व मादी दिसावयास सारखींच. बसतांना हा मान खांद्यांत इतकी ओढून घेतो कीं, याला मान आहे कीं नाहीं असा संशय यावा. थंडीच्या सकाळीं घोंगडी पांघरून ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याची आठवण त्याला पाहून कोणास झाली, तर ती कांहीं अगदींच चुकीची नव्हे. चिखल, वाळलेलें गवत आणि त्यांवर पडणाऱ्या सांवल्या यांत तो असा मिसळून जातो कीं, आपण दहा वेळां त्याच कांठावरून गेलों तरी तो दिसत नाहीं.

याच ठिकाणीं आमच्या वाचकभगिनींच्या प्रश्नाचें उत्तर आहे. ढोकरीचे पंख पांढरे असतात. कंबरेचा भाग व शेपटीही पांढरी असते. परंतु पंख मिटले म्हणजे पाठीवरचीं व खांद्यांवरचीं तपकिरी पिसें त्यांवर पांघरुणासारखीं पसरतात, आणि पांढरेपणा सगळा झांकून जातो. पाखरूं उडालें कीं पांघरूण दूर होतें व आंतला रंग एकाएकीं झळकतो. उडतांना तें एक घोगरा आवाज काढतें. बेसावध माणूस दचकतो आणि मागें सरतो. पुन्हां पन्नास पावलांवर जाऊन बसलें कीं दिवा मालवावा तसा तो पांढरा रंग नाहींसा होतो, व नुकतेंच जें पाखरूं आपण डोळ्यांनीं खालीं उतरतांना पाहिलें तें कोठें बसलें हें सांगतां येत नाहीं. मुलांना बरोबर घेऊन हा प्रयोग एकदां तरी अवश्य करून पाहावा. मुलांचे डोळे आपल्याहून तीक्ष्ण असतात. बहुधा तींच ढोकरी आधीं शोधून काढतील.

तिची शिकार करण्याची रीत सर्व बगळ्यांसारखीच, म्हणजे वाट पाहण्याची आहे. उथळ पाण्याच्या कांठीं, दगडावर, जलपर्णीच्या तरंगत्या थरावर किंवा खाचराच्या बांधावर ती एकटी उभी राहते. दुसरी ढोकरी फार जवळ आलेली तिला खपत नाहीं. मासा, बेडूक, बेडकाचें पिलूं, खेकडा, झिंगा, पाण्यांतला किडा, जें टप्प्यांत येईल तें तिचें अन्न. सावज दिसलें कीं ती पाऊल इतक्या हळू उचलते कीं, पाण्यावर लहर उठत नाहीं. मग ती आंखडलेली मान बाणासारखी सुटते. बगळ्यांच्या मानेंतील सहावा मणका निराळ्या घडणीचा असतो. त्यामुळें मानेला इंग्रजी एस्‌ अक्षरासारखा बांक घेतां येतो व तोच बांक एका झटक्यांत सरळ करतां येतो. उडतांनाही सर्व बगळे मान अशीच दुमडून धरतात. करकोचा व सारस मान लांब करून उडतात. आकाशांत दूरवर जाणारा पक्षी बगळा कीं करकोचा, हें ओळखण्याची ही एक सोपी खूण वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. काठी पाण्यांत तिरपी बुडविली म्हणजे ती पाण्याच्या पृष्ठाशीं मोडल्यासारखी दिसते, हें आपण शाळेंत शिकलों. मासाही कांठावरून पाहणाऱ्याला असेल तेथें दिसत नाहीं. असतो त्याहून वर दिसतो. मग बगळ्याचा नेम चुकत कसा नाहीं? बगळ्यांवर झालेल्या प्रयोगांत असें आढळलें आहे कीं, मासा किती खोल आहे व आपण कोणत्या कोनांतून पाहत आहों याचा मेळ घालून ते दिसणाऱ्या जागेवर चोंच न मारतां असण्याच्या जागेवर मारतात. आमच्या मुलांना जें गणित पाटीवर सोडवितांना घाम फुटतो, तें हा ‘आंधळा’ बगळा रोज सकाळीं न्याहारीपूर्वीं कित्येकदां सोडवितो.

चिखलांत राहून हा पक्षी स्वच्छ कसा राहतो, असा प्रश्न आमच्या घरांतील स्त्रीवर्गानें एकदां केला होता. त्याचें उत्तर मोठें मौजेचें आहे. बगळ्यांच्या छातीवर व कंबरेच्या बाजूंस एक विशेष प्रकारचीं मऊ पिसें असतात. तीं सतत वाढतात व त्यांचा टोंकाकडून भुगा होत राहतो. ही झाली त्यांची पावडर. पिसांना माशांचा चिकट बुळबुळीतपणा लागला कीं, बगळा ही पावडर चोंचीनें अंगभर लावतो आणि मग ती विंचरून काढतो. विंचरण्यास फणीही जवळच आहे! त्याच्या पायाच्या मधल्या बोटाच्या नखाला फणीसारखे बारीक दांते असतात. दुपारच्या वेळीं एका पायावर उभी राहून मान खाजविणारी ढोकरी दिसली, तर ती आळस करीत नसून वेणीफणी करीत आहे असें समजावें.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, हें सर्व खरें. पण बगळा तो बगळाच. आपल्या वाङ्मयानें त्याला कधीं चांगलें म्हटलें आहे काय? आक्षेप खोटा नाहीं. पंचतंत्रांतील म्हातारा बक व्रताचें सोंग करून तळ्यांतले मासे एकेक करून खातो, आणि शेवटीं खेकड्याच्या नांगीनें प्राणास मुकतो. मनुस्मृतीनेंही ढोंगी माणसाचें वर्णन करतांना बकव्रत हा शब्द वापरला आहे. बकध्यान हा शब्द तर आपल्या रोजच्या बोलण्यांत आहे. परंतु वनपर्वांतील यक्षप्रश्नाची कथा आठवावी. तळ्याच्या कांठीं पांडवांस अडविणारा यक्ष प्रथम युधिष्ठिरास बकाच्या रूपांतच भेटतो, आणि अखेर तो साक्षात् धर्म निघतो. आणि मुलांचें पाहा. डोक्यावरून बगळ्यांची माळ गेली कीं मुलें नखें पुढें करून त्याच्याजवळ पांढरा ठिपका मागतात. बगळा कांहीं देतो असा विश्वास निदान मुलांना तरी आहे.

खरें सांगावयाचें तर ढोकरी सोंग करीत नाहीं. ती जेवणाची वाट पाहते. सोंग तेव्हां होतें, जेव्हां करावयाचें एक आणि दाखवावयाचें दुसरें असतें. ढोकरीचें उभें राहणें हेंच तिचें काम आहे. या बाबतींत आम्हांस दुसऱ्यावर बोट ठेवण्याचा अधिकार कितपत आहे, हें पुढील हकीकतीवरून वाचकांनींच ठरवावें.

ही गोष्ट तीसेक वर्षांपूर्वींची. आम्ही तेव्हां पुण्यांत एका जुन्या वाड्यांत राहत होतों. वाड्याच्या परसांत चिंचेचें प्रचंड झाड होतें, आणि दर वर्षीं मृगाचा पाऊस पडला कीं त्यावर ढोकऱ्या व रातबगळे येऊन घरटीं बांधीत. विणीच्या दिवसांत ढोकरीचें रूप इतकें पालटतें कीं, आम्हीं प्रथम तो निराळाच पक्षी समजलों होतों. पाठीवरचा मळकट रंग जाऊन तेथें गर्द कुंकवासारखीं तांबूस, केसाळ पिसें येतात. मान व डोकें बदामी रंगाचीं होतात. डोक्यामागें लांब, बारीक, पांढऱ्या पिसांचा तुरा लोंबूं लागतो. चोंचीच्या बुडाशीं निळी झांक येते. एरवीं घोंगडी पांघरणारा म्हातारा जणूं शालू नेसून उभा राहतो. काटक्या बहुधा नर आणतो व मादी त्या रचते. घरटें म्हणजे काटक्यांची विरळ चळत. खालून पाहिलें तर कधीं कधीं आभाळ दिसतें. त्यांत तीन ते पांच फिकट हिरवट-निळीं अंडीं असतात. दोघेंही आळीपाळीनें उबवितात. अठरा ते चोवीस दिवसांत पिलें बाहेर पडतात; तीं सर्व एका दिवशीं मात्र निघत नाहींत, एकामागून एक निघतात. म्हणून एकाच घरट्यांत थोरलीं व धाकटीं अशीं भावंडें असतात, आणि अन्न कमी पडलें तर धाकट्याचे हाल होतात.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. झाडाखालीं पांढरी शिट पडे. घाण सुटे. पिलांना भरवितांना सुटलेले मासे अंगणांत पडत, आणि एकदां तर एक मासा थेट तुळशीवृंदावनांत पडला. सोंवळ्याचीं वस्त्रें वाळत घालावयास जागा उरली नाहीं. वाड्यांतील बिऱ्हाडकरूंनीं कंटाळून फांद्या तोडविण्यासाठीं एक अर्ज तयार केला, व त्यावर सर्वांच्या सह्या घेतल्या. त्यांत आमचीही सही होती. ती करतांना आम्हीं वर मान करून पाहिलेंही नाहीं. पक्ष्यांवर लेख लिहिणें तेव्हांही चालू होतेंच!

फांद्या तुटल्या त्या श्रावणांत, म्हणजे नेमक्या ज्या वेळीं तुटूं नयेत त्या वेळीं. झाड तोडणाऱ्यांनीं आपलें काम केलें. दोष त्यांचा नव्हता. सायंकाळीं परसांत गेलों तों फांद्यांच्या ढिगांत पांच पिलें जिवंत सांपडलीं. इतरांचें काय झालें हें येथें लिहीत नाहीं. वर मोठे पक्षी चोंचींत मासे घेऊन, घरट्याची फांदी जेथें होती त्या मोकळ्या जागेभोंवतीं घिरट्या घालीत होते. काळोख पडेपर्यंत त्यांनीं तें सोडलें नाहीं.

पिलें आम्हीं दुरडींत ठेवून घरांत आणलीं. त्यांतील दोन रात्रींतच गेलीं. उरलेल्यांना आम्हीं आमच्या समजुतीप्रमाणें दूधभात भरविला. त्यामुळें तिसरें गेलें. मासे खाणाऱ्या पिलाला दूध पचत नाहीं, एवढी साधी गोष्ट आम्हांस सुचली नाहीं. किंवा सुचली तरी ती उच्चारण्याचें धैर्य झालें नाहीं, असें म्हणणें अधिक खरें होईल. कारण उपाय एकच होता, आणि तो आमच्या घराच्या उंबऱ्याआंत पूर्वीं कधीं आला नव्हता. शेवटीं आमच्या पत्नीनेंच विषय काढला. आम्ही घुटमळलों, श्रावणमास, घरांत देव, वृद्ध मातोश्री, अशीं कारणें सांगूं लागलों. मातोश्री माजघरांत वाती वळीत बसल्या होत्या. त्या तेथूनच म्हणाल्या, "अरे, फांद्या तोडायच्या कागदावर सही करतांना तुला विटाळ झाला नाहीं, आणि आतां चार मासळ्यांनीं होतो होय? परसांत ठेव त्यांना. तें जुनें जर्मनचें भांडें घे, आणि तें पुन्हां घरांत आणूं नकोस, म्हणजे झालें."

आम्हीं पुढें कांहींच बोललों नाहीं. शेजारच्या बिऱ्हाडांतील एक मुलगा रोज सकाळीं सायकलवरून जाऊन लहान मासळी आणूं लागला. पिलें मोठीं भांडखोर होतीं. जवळ गेलें कीं चोंच उगारीत, आणि फार घाबरलीं कीं खाल्लेलें सर्व ओकून टाकीत. भ्यालेल्या बगळ्याच्या पिलाची ती रीतच आहे. आमच्या पत्नीचीं दोन लुगडीं त्यांत कायमचीं बाद झालीं. दोहोंपैकीं एक पिलूं पायानें अधू होतें, तें पंधरवड्यानें गेलें. दुसरें मात्र वाढलें. भाद्रपद सरत आला तेव्हां तें परसाच्या भिंतीवर चढून बसूं लागलें, मग न्हाणीच्या पत्र्यावर, आणि एके दिवशीं सकाळीं नदीच्या दिशेनें गेलें तें परत आलें नाहीं. मातोश्रींनीं दुपारीं जेवतांना "गेली का?" एवढेंच विचारलें. त्यानंतर हयात असेपर्यंत नदीकांठीं कोणतीही ढोकरी दिसली कीं त्या तिला ‘आपली ढोकरी’ म्हणत.

आज तो वाडा नाहीं. त्या जागीं इमारत उभी आहे. सुदैवानें चिंच राहिली, तिला नव्या फांद्या फुटल्या, आणि कांहीं वर्षांनीं बगळेही परतले. बगळ्यांची ही एक रीत आहे कीं, सोयीचें झाड मिळालें तर वर्षानुवर्षें ते त्याच झाडावर येतात, मग तें झाड पाण्यापासून दूर व गर्दीच्या रस्त्यावर कां असेना. आतां झाडाखालीं मोटारी उभ्या राहतात, आणि तुळशीवृंदावनाच्या जागीं मोटारींच्या टपांविषयीं तक्रार आहे. गेल्या महिन्यांत सोसायटींत पुन्हां तोच अर्ज फिरला. पाऊस सुरू होण्यापूर्वीं सभा व्हावयाची आहे. आम्हीं चष्मा लावून वर पाहिलें. चौदा घरटीं मोजलीं. या वेळीं आम्हीं सही केली नाहीं, आणि सभेंत काय बोलावयाचें तेंही लिहून ठेवलें आहे. निकाल काय होईल हें सांगवत नाहीं. शेजाऱ्यांचा त्रास खरा आहे. तो नाकारून कोणाचें मन वळत नसतें.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच आहे. फांद्या छाटणें अगदींच भाग असेल तर तें काम कार्तिकानंतर, घरटीं रिकामीं झाल्यावर करावें. छाटण्यापूर्वीं वर मान करून पाहावें. चार महिने झाडाखालीं ताडपत्री बांधावी, गाड्या थोड्या बाजूस लावाव्या, आणि अंगण रोज धुवावें. कायदाही याच बाजूचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानपक्ष्यांचीं अंडीं व घरटीं यांनाही संरक्षण दिलें आहे, आणि महाराष्ट्रांतील शहरांत १९७५ च्या वृक्षविषयक कायद्याप्रमाणें परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं. परंतु परवानगी झाडाची मिळते. त्यावर कोण बसलें आहे हें पाहण्याचें काम शेवटीं आपलेंच राहतें. घरट्यांतून पडलेलें पिलूं सांपडलें, तर आम्हीं केलें तें करूं नये. त्याच्या तोंडांत दूध, भात किंवा पाणी घालूं नये. तें धडधाकट असेल व घरटें हाताशीं असेल, तर उचलून फांदीवर ठेवावें. जखमी असेल तर हवेशीर खोक्यांत, अंधारांत ठेवून वनखात्यास किंवा जखमी पक्ष्यांची शुश्रूषा करणाऱ्या जाणत्या मंडळींस ताबडतोब कळवावें. रानपक्षी घरीं पाळणें कायद्यानें मना आहे, आणि तें योग्यच आहे.

झाडाइतकीच पाण्याचीही गोष्ट आहे. ढोकरी आज दुर्मिळ नाहीं. तिला मोठें सरोवर लागत नाहीं. ओढा, खाचर, गांवतळें, इतकेंच काय, पावसाचें डबकेंही चालतें. परंतु ज्याला थोडें पुरतें त्याचें तें थोडेंही आपण सहज उचलतों. पर्वतीच्या पायथ्याशीं नानासाहेब पेशव्यांच्या काळांत तळें झालें, आणि त्यांतील बेटावरच्या गणपतीला लोक तळ्यांतला गणपति म्हणूं लागले. पुढें तें तळें उरलें नाहीं, तेथें बाग झाली. गणपति मात्र अद्याप तळ्यांतलाच म्हणवितो. बाग सुंदर आहे, आम्हीही तेथें फिरावयास जातों. पण गांवोगांवच्या पाणथळ जागांचें असेंच नुसतें नांव शिल्लक राहूं लागलें, तर उद्यां ढोकरीलाही नांवांतच राहावें लागेल.

पाणथळ म्हणजे पडीक, ती भरून काढली कीं सुधारणा झाली, ही समजूत जगांत सर्वत्र होती. १९७१ सालीं इराणांतील रामसर येथें अशा जागांच्या रक्षणासाठीं राष्ट्रांचा करार झाला, आणि १९८२ सालीं भारत त्यांत सामील झाला. महाराष्ट्रांतून गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळचें नांदूर मधमेश्वर प्रथम त्या यादींत गेलें. नंतर लोणारचें सरोवर व ठाण्याची खाडी यांची भर पडली. हें उत्तम झालें. पण ढोकरी कांहीं यादी पाहून उतरत नाहीं. ज्या ओढ्याविषयीं आमच्या वाचकभगिनींनीं लिहिलें आहे तो कोणत्याही यादींत नसणार. त्याची यादी त्यांच्या घरच्या खिडकींतूनच ठेविली पाहिजे. त्यांनीं ती ठेवावयास आरंभ केलाच आहे, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहों.

वाचकांनीं या महिन्यांत एवढें करावें. सकाळीं पाण्याच्या जवळून जाण्याचा प्रसंग आला तर पांच मिनिटें थांबावें, आणि कांठावर मातीच्या ढेकळासारखें कांहीं दिसतें का पाहावें. दिसलें, तर आणखी जवळ जाऊन तें उडविण्याचा मोह आवरावा. पाठ मळकट आहे कीं कुंकवासारखी तांबूस झाली आहे, हें पाहून तारखेसह टिपून ठेवावें. तांबूस दिसली तर घरीं परतल्यावर जवळपासच्या उंच झाडांकडेही एकदां नजर टाकावी. कोणत्या झाडावर घरटीं आहेत हें आम्हांस कळविल्यास त्या नोंदी आम्ही एकत्र करून ठेवूं. आमच्या सोसायटीच्या सभेचा निकाल पुढील अंकीं कळवूंच. आणि त्याच अंकांत, रात्रीं ओरडून विनाकारण अशुभ ठरलेल्या टिटवीविषयीं चार शब्द लिहिण्याचा विचार आहे.